अळणी आठवडे

आवेइरूच्या खाडीवर आम्ही मीठ पिकवतो.
उन्हाळाभर झेफेरीनू वाफ्यांत अनवाणी,
लाकडी फावड्याने पाणी पुढे ढकलणारा, मीठ मागे ओढणारा.
हिवाळ्यात मात्र गोदीवर,
जहाजांचे पत्रे ठोकायला.
चाळीस वर्षं अशी, अर्धी शांत, अर्धी घणाची.

"कान वाजतोय," तो म्हणाला एका मार्चमध्ये.
"शेजारी कुणी चुलीवर किटली विसरलंय बहुतेक."
मी शेजारी जाऊन आले.
किटली नव्हती.

डॉक्टर किटेरिया आमच्या धाकट्यापेक्षाही लहान.
तिने त्याला बंद खोलीत बसवलं, कानांवर डबे लावले,
आणि बाहेर येऊन विचारलं, "चक्कर येते? घर फिरतं?"
"घर जागच्या जागी आहे," तो म्हणाला, "फक्त शिट्टी."
"चक्करेच्या दुखण्यात मीठ तोडून काहींना बरं वाटतं.
तुमच्या शिट्टीचं खात्रीनं नाही सांगता येत.
करून बघा. रक्तदाबाला तरी चांगलं."
मीठ म्हणताना तिची नजर
त्याच्या तळहातांवर गेली, आणि ती जरा थांबली.

मला शास्त्र येत नाही.
पण शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं
दोनशे मुलांचं सूप मी मापून केलंय.
म्हणून ठरवलं: एक आठवडा मिठाचा, एक अळणी,
आणि त्याला सांगायचं नाही.
त्याने रोज रात्री शिट्टीला आकडा द्यायचा, एक ते दहा,
भरती-ओहोटीच्या कोष्टकाच्या कडेला.
मी कपाटाच्या दाराआड पेन्सिलीचे ठिपके देणार,
मिठाच्या आठवड्याला भरीव, अळणीला पोकळ.

पाव घरी भाजला, बिनमिठाचा.
कॉड तीन दिवस भिजवला,
पहाटे उठून पाणी बदललं, परत बदललं,
सातव्या पाण्याला मासा संपला आणि कापूस उरला.
तो जेवला.
एकदा फक्त लिंबू मागितलं.

सप्टेंबरात, मिठाचे ढीग झाकायच्या आधी,
मी कोष्टक आणि कपाटाचं दार
शेजारी शेजारी वाचलं.
भरीव: सात, सहा, सात.
पोकळ: चार, तीन, चार.
पायात चप्पल नाही, तशीच बांधावरून धावत गेले.
"मीठच होतं ते! झेफेरीनू, मीठच!"

त्याने फावडं टेकवलं.
"देओलिंदा, कोणत्या वाफ्यातलं मीठ
हे मी जिभेवर ठेवून सांगतो.
आणि घरातल्या सूपात ते नाही
हे मला कळायचं नाही होय?"
"मग ते आकडे?"
"तू पहाटे चारला उठायचीस. नळ ऐकू यायचा.
एवढ्या कष्टावर सात कसा लिहायचा?
मी चार लिहायचो."
"आणि खरा?"
"खरा आकडा नाहीच गं. तीच शिट्टी, रोज.
वारा असला की कमी ऐकू येते, बस."

नावडतीचं मीठ अळणी, असं म्हणतात.
माझं अळणी तर
खरोखरच अळणी होतं,
आणि या माणसाने ते खाऊन
मलाच खोटा हिशोब दिला होता.
रडावं की फावडं घेऊन मागे लागावं, कळेना.
दोन्ही थोडं थोडं केलं.

मीठ आता घालते, चिमूटभर, त्याच्याच ढिगातलं.
रक्तदाबासाठी चिमूट लहान.
रात्री खाडीकडची खिडकी उघडी ठेवतो,
बांधाच्या दाराखालून पाणी आत शिरतं
त्याची खळखळ शिट्टीच्या आड येते,
कधी येते, कधी नाही.
कपाटाच्या दारावरचे ठिपके पुसायचे राहिलेत.
कोष्टकाच्या कडेला तो अजून लिहितो, सवयीने.
परवाच्या ओहोटीसमोर होतं: सात.
आणि त्यापुढे, बारीक अक्षरात:
मासा छान झाला.